‘लाफ’मधल्या ‘जीएच’चा ‘फ’ कुणी केला? सोमवारच्या आत उत्तर पाहिजे

खानापूरची_टीचर

नमस्कार मंडळी. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, हलसीच्या जवळच्या एका गावात मराठी शाळेवर आहे. सहावी-सातवीचं इंग्लिश माझ्याकडं. गावाचं नाव लिहीत नाही, पोरं आईबापांच्या मोबाईलवर सगळं हुडकून काढतात.

काल शुक्रवारी शेवटचा तास. पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात मला घसा ताणून शिकवावं लागत होतं. धड्यात एक वाक्य आलं, सगळे हसले अशा अर्थाचं. एका पोराला उठवलं. हा पोरगा ओळीखाली बोट सरकवत वाचतो, घाई करत नाही. ‘दे ऑल’ नीट म्हणाला आणि बोट थांबलं. एल, ए, यू, जी, एच. ओठांतल्या ओठांत जुळवून बघितलं आणि ठणकावून म्हणाला, “लाऊखड!”

वर्ग फुटला. पहिल्या बाकावरच्या पोरीची कंपासपेटी खाली पडली, त्यावर आणखी हशा. मीपण हसले, खोटं कशाला सांगू.

मग मी नेहमीचं सांगितलं, “अरे, इथं जीएचचा फ होतो. लाफ्ड.” पोरगा बसला नाही. “मग टीचर, घोस्ट म्हणजे फोस्ट काय?” म्हटलं नाही, तिथं ग. “आणि नाईटमधी?” तिथं काहीच नाही. म्हणाला, “तीच दोन अक्षरं. एकदा फ, एकदा ग, एकदा कायच न्हाई. आपल्यात घ म्हणजे घच की.” मागून एक पोरगी ओरडली, “टीचर, मी सांगतो, कन्नडातपण घ म्हणजे घच!” (आमच्याकडं पोरीपण ‘सांगतो’, ‘येतो’च म्हणतात, पुण्याकडच्यांनी दचकू नये.)

एकोणीस वर्षं झाली मला शिकवून. एकोणीस वर्षं “तसंच असतं, पाठ करा” म्हणत आले. काल का की तोंडातून निघेना. “सोमवारी सांगते” म्हणून घंटा झाली.

तर कुणाला माहीत असेल तर सांगा. हा शब्द मुळात आला कुठनं, त्यात हे जीएच बसलं कसं आणि बसलंच तर तोंडात फ कसा आला? पोरांना कळेल असं पाहिजे. नुसतं ‘इंग्लिश वेडी भाषा आहे’ नको, ते मीच सांगत आले इतकी वर्षं.

अनगोळचा_गडी

टीचर, इंग्लिशात लॉजिक हुडकायला गेलं की माणूस खुळं होतंय. आमच्या सरांनी पाठ करून सोडा म्हटलं, आम्ही करून सोडलं. बी-यू-टी बट, पी-यू-टी पुट. आजवर कुठं अडलं नाही. म्हणजे एकदाच अडलं. मेडिकलात कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकापुढं ‘काऊघ सिरप’ म्हटलो. मालक अजून त्याच नावानं हाक मारतात.

वारसा_जपूया

यात अवघड काय आहे? सगळं संस्कृतातूनच गेलं आहे. ‘लास्य’ या शब्दावरून ‘लाफ’. स चा फ झाला, संपलं. आणि एक गंमत बघा, हत्येला इंग्लिशात ‘स्लॉटर’ म्हणतात, त्याच्या पोटात ‘लाफ्टर’ जसाच्या तसा आहे. एक एस पुढं लावला की हसण्याची कत्तल! यातून त्यांची संस्कृती कळते. पोरांना हेच सांगा.

टिळकवाडीची_संस्कृतवाली

हे पोरांना मुळीच सांगू नका. तीस वर्षं संस्कृत शिकवलं म्हणून एवढ्या ठासून लिहिते.

लास्य म्हणजे नृत्य, कोमल अंगाचं. धातू ‘लस्’, म्हणजे चमकणं, खेळणं. त्याच घरातले विलास आणि उल्लास, आपण ज्याला उल्हास म्हणतो तो. हसण्याचा धातू ‘हस्’. त्याच्यातून आपलं हसणं, हास्य, हसू. इंग्लिशच्या ‘लाफ’शी ना लस् चं नातं, ना हस् चं. स्लॉटर हा ‘स्ले’ म्हणजे ठार मारणे याच्या कुळातला. दोघांची आठच्या आठ अक्षरं जुळली म्हणून सोयरीक होत नाही.

पण संस्कृताशी काही धागा हवाच असेल तर एक आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘कख हसने’ असा धातू आहे. ‘कखति’ म्हणजे तो हसतो. मोठ्यानं म्हणून बघा: कख, कख, कख. ग्रीकमध्ये खदखदून हसण्याला ‘काखाझो’, लॅटिनमध्ये ‘काखिन्नो’. आता यांतला कुणी कुणाकडून उसना घेतला असं समजायचं कारण नाही. माणूस पोट धरून हसला की गळ्यातून जो आवाज निघतो, तोच जो तो आपापल्या पाटीवर उतरवून घेतो. आपल्या मराठीत बघा ना, खदखदा, खो खो, खी खी, खिदळणं, खुदकन. हसताना आपण ख सोडायला तयार नाही. स्मितहास्यात तेवढा ख नसतो, कारण तोंड मिटलेलं असतं.

इंग्लिश शब्दही मुळात असाच आवाजावरून आलेला. पण तिथं पुढं काय झालं ते माझ्यापेक्षा जाणकार माणूस सांगेल. इथं एक शहापूरचे छापखानेवाले असतात, त्यांची वाट बघा.

उद्यमबाग_शिफ्ट_दोन

थोडं माझं. आमच्या कारखान्यात मशीन बसवायला जर्मन इंजिनियर आला होता, तीन आठवडे. त्याच्यासोबत राहून मोडकंतोडकं शिकलो. हसणे म्हणजे ‘लाखन’. घशातनं खरवडून काढायचा ख, आपल्या ख पेक्षा कोरडा. लिहिताना एल-ए-सी-एच. रात्र म्हणजे ‘नाख्ट’. आठ म्हणजे ‘आख्ट’. मुलगी म्हणजे ‘टोख्टर’. आता हेच चार शब्द इंग्लिशात लिहून बघा टीचर: लाफ, नाईट, एट, डॉटर. चारींत जीएच! जिथं जर्मन माणूस ख काढतो तिथं इंग्लिश माणूस जीएच लिहून गप्प बसतो. मला तेव्हाच वाटलेलं, यांचं काहीतरी सांडलंय वाटेत.

शहापूरचा_छापखाना

टीचरबाई, पोरानं बरोबर वाचलंय. फक्त पाच-सहाशे वर्षं उशिरा वाचलंय. तुमच्या पोराला तेव्हाच्या लंडनात नेऊन उभं केलं असतं तर त्याचं ‘लाऊख’ ऐकून कुणी वळूनही बघितलं नसतं.

सांगतो, पण आधी मला हे कसं ठाऊक ते सांगितलं पाहिजे. चाळीस वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे सुटी शिशाची अक्षरं, जुळवले मी. खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, म्हणजे केशी, तीन होत्या आमच्याकडं, मराठी, कन्नड आणि इंग्लिश. मराठीची केस जोडाक्षरांमुळं अवाढव्य, हात पुरायचा नाही. इंग्लिश म्हणजे आराम, सव्वीस अक्षरं. पण नुकसान केलं ते इंग्लिशनंच. ऐंशीच्या दशकातली एक लग्नसराई. एका व्यापाऱ्याच्या मुलीची पत्रिका, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला इंग्लिश, कारण नवरा मुलगा मुंबईला बँकेत. आमच्या पोऱ्यानं ‘डॉटर ऑफ’च्या जागी ‘लाफ्टर ऑफ’ जुळवलं. अमक्या अमक्यांचा हशा! पहिला खिळा सोडला तर दोन्ही शब्दांत सातच्या सात खिळे तेच, त्याच क्रमानं. प्रूफ मी वाचलं आणि माझाही डोळा त्यावरून घसरत गेला. चारशे पत्रिका छापून, कोपऱ्याला हळद लागून वाटायला निघाल्या, तेव्हा मुलीच्या धाकट्या भावाच्या लक्षात आलं. तो कॉन्व्हेंटला होता. व्यापारी हसला नाही. चारशे पुन्हा छापल्या, कागद माझ्या पदरचा.

त्या रात्री ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, बसून विचार केला, सात खिळे तेच असून एकाचं ‘आफ्टर’ आणि दुसऱ्याचं ‘ऑटर’ का? दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. तेव्हापासूनचं हे खूळ.

आता ऐका. हजार वर्षांपूर्वीचा इंग्लिश माणूस हसण्याला ‘ह्लॅह्हान’ म्हणायचा आणि हशाला ‘ह्लेआख्तोर’. पुढं ह, मागं घशातला ख. डोक्याचा ह पुढं गळाला, तसा तो पुष्कळांचा गळाला. ‘लाऊड’, ‘रिंग’, ‘लोफ’ हे सगळे पूर्वी ह घेऊन सुरू व्हायचे. ‘लॉर्ड’ म्हणजे मुळात ‘ह्लाफवेआर्ड’, पावाचा राखणदार, आपल्या भाषेत भाकरीचा धनी. हे ह गेले ते लिहिण्यातूनही गेले, म्हणून त्यांचा कुणाला त्रास नाही. त्रास शेपटाचा आहे. शेपूट बोलण्यातून गेलं आणि कागदावर राहिलं.

तो घशातला आवाज लिहायला जुने इंग्लिश लेखनिक नुसता एच वापरत. पुढं मराठी तीनच्या अंकासारखं दिसणारं ‘योख’ नावाचं एक अक्षर वापरात आलं. सन १०६६ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं. त्यांच्या वळणाचे लेखनिक आले, त्यांना ते अक्षर परकं, त्यांनी जी आणि एच ची जोडी लावायला सुरुवात केली. म्हणजे जीएच हा आपल्या घ साठी कधी नव्हताच. तो त्या खरखरीत ख चा पत्ता होता. मग सन १४७६ला कॅक्स्टन नावाच्या माणसानं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. धंदा तो कोलोन आणि ब्रुजला शिकलेला, खिळेही तिकडचेच वळणाचे. त्या केशीत योख नव्हतं. नसलेला खिळा कुठून लावणार? जीएचच लागला. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडं कन्नड केशीतला एक खिळा झिजला की आम्हीही असंच काहीबाही लावून वेळ मारून न्यायचो. फरक एवढाच की आमच्या तडजोडी रद्दीत गेल्या, कॅक्स्टनची तुमच्या सहावीपर्यंत आली. (घोस्टमधला एचही त्याच्याच छापखान्यातला. मूळ शब्दात नुसता जी. पण ब्रुजकडच्या फ्लेमिश भाषेत तेव्हा भुताला जीएच लावत, त्या सवयीनं इथंही बसला. त्यामुळं तिथं नुसता ग. त्या एचकडं बघायचंच नाही.)

अडचण अशी झाली की छापखाना आला तेव्हाच माणसांच्या तोंडातला हा ख मोडकळीला आला होता. स्पेलिंग खिळ्यांत घट्ट बसलं आणि जीभ पुढं निघून गेली.

आता ख चा फ कसा, तर पोरांकडून करून घ्या. तळहात तोंडापुढं धरायला सांगा. ‘लाऊ’ म्हणा आणि थांबा. ओठ बघा, गोल झालेत. आता ओठ तसेच गोल ठेवून घशातला ख काढा. लाऊख. भराभर दहा वेळा. हवा निघते घशातून, पण ओठांच्या गोल भोकातून बाहेर पडताना तिथंही सूं करते. ऐकणाऱ्याला वाटतं ओठांचाच आवाज आहे. बापाचा ख पोरानं फ म्हणून ऐकला आणि तो तसाच म्हणू लागला. एवढंच झालं. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ सगळे याच वाटेनं गेले. ‘नाईट’मध्ये मात्र ख च्या आधी ओठ गोल होतच नाहीत, ताणलेले असतात. तिथं फ व्हायला जागाच नव्हती, ख नुसता विरघळला आणि अलीकडचा स्वर लांबला.

आणि डॉटर? तिथं ओठ गोल होते, तरी फ झाला नाही. इथं माझ्या चारशे पत्रिकांचं उत्तर आहे. इंग्लंडात सगळीकडं एकच रीत नव्हती. कुठल्या भागात घसा गप्प झाला, कुठल्या भागात ओठांनी काम अंगावर घेतलं. लंडनच्या बाजारात दोन्हीकडची माणसं. प्रत्येक शब्द कुठली ना कुठली चाल धरून बसला. हसणं एका गावाहून आलं, पोरगी दुसऱ्या गावाहून. वर स्कॉटलंडात अजूनही जुन्या बोलीत ‘लाख’च म्हणतात, घशातून.

बँकेचा ड्राफ्ट काढलाय का कधी? तो शब्द आणि डी-आर-ए-यू-जी-एच-टी हा ‘ड्राफ्ट’ एकच. एकाचं स्पेलिंग कुणीतरी शहाण्यानं जिभेप्रमाणं करून टाकलं, दुसरं तसंच राहिलं.

घशातून ओठांवर ही उडी चमत्कारिक वाटते ना? डच लोकांनी नेमकी उलटी मारली. इंग्लिश ‘आफ्टर’, डच ‘आख्टर’. इंग्लिश ‘सॉफ्ट’, डच ‘झाख्ट’. पण डचांपर्यंत कशाला जायचं बाई, तुम्ही हलसीच्या शेजारी बसून हा प्रश्न विचारताय!

कन्नडात दुधाला काय म्हणतात? हालु. तमिळात पाल, तेलुगूत पालु. वाघ हुली, तिकडं पुली. फूल हूवु, तमिळात पू. साप हावु, तेलुगूत पामु. जुन्या कन्नडातही प होता. दहाव्या शतकाच्या आगेमागे तो ढिला व्हायला लागला आणि पुढच्या तीन-चार शतकांत शब्दाच्या सुरुवातीचे प जवळजवळ सगळे ह झाले. ओठांवरचा आवाज घशात गेला. आंध्रात गावाच्या शेवटी ‘पल्ली’ असतं आणि आपल्याकडं ‘हळ्ळी’, ते याचमुळं. आणि हलसी? तिथं कदंब राजांचे ताम्रपट सापडलेत, दीड हजार वर्षांपूर्वीचे. त्यात गावाचं नाव आहे पलाशिका. पलाशिकाची हलसी झाली. वराह-नरसिंहाच्या देवळापुढं पोरांना उभं करा आणि सांगा, इथं प चा ह झाला तसा तिकडं ख चा फ झाला.

एक राहिलं. सन १०००च्या जरा आधी इंग्लंडात एल्फ्रिक नावाचा एक साधू होता, तुमच्यासारखाच पोरांना परकी भाषा शिकवणारा. त्यानं पोरांसाठी लॅटिनचं व्याकरण इंग्लिशात लिहिलं. त्यात नोंद आहे की ‘हा हा’ आणि ‘हे हे’ हे लॅटिनमध्येही हसणं दाखवतात आणि इंग्लिशमध्येही. स्पेलिंग बदललं, ख गेला, फ आला, पण ते ‘हा हा’ त्याच अवस्थेत आहे. मराठीतही तेच लिहितो आपण.

लांबलं. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

निपाणीची_आज्जी

छापखानेवाले, फार छान. माझं आपलं साधं. नात पुण्याला असते, मेसेजवर सारखं ‘लोल’ लिहिते. मी विचारलं, हे काय गं लोल-लोल, लोळण्यावरून काय? तर म्हणाली, आज्जी, मोठ्यानं हसणे याची इंग्लिश आद्याक्षरं. मग तिनंच हुडकून दाखवलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सन २०११ला हे घातलंय, आणि त्याच तीन अक्षरांचा त्याहून जुना अर्थ दिलाय, १९६०पासूनचा, ‘छोटीशी म्हातारी बाई’. म्हणजे गेली चार वर्षं नात मला हसत होती की हाक मारत होती कोण जाणे.

आमचं मराठी मात्र नेटवर मागं नव्हतं. हहपुवा, हसून हसून पुरेवाट. ते मला लोलपेक्षा आवडतं, त्यात दम लागल्यासारखं वाटतं. शेजारची कन्नड बाई म्हणते त्यांच्यात ‘गहगहिसि’ हसतात. तिथंही घसाच.

वारसा_जपूया

पलाशिका संस्कृतच आहे, हे कुणी बोलत नाही.

शहापूरचा_छापखाना

आहे. पळसावरून. कुणी नाही म्हटलं?

खानापूरची_टीचर

मंडळी, सोमवार संध्याकाळ. बसमध्ये बसून लिहिते, चुका पोटात घाला.

रविवारी सगळं वहीत उतरवून घेतलं. आज तास सुरू झाल्याझाल्या त्या पोराला उठवलं आणि म्हटलं, शुक्रवारी वाचलंस तसंच वाच. त्याला वाटलं आता परत हसवणार. खाली बघत पुटपुटला, “लाफ्ड.” म्हटलं नाही, शुक्रवारचं. मग हळूच, “लाऊख.” मी फळ्यावर लिहिलं, ‘बरोबर, सन १४००’. त्याचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता. मागचे दोघंतिघं “आम्हीपण तसंच वाचलेलो टीचर” म्हणून उठले, हे शुद्ध खोटं.

तळहाताचा खेळ केला. सव्वीस पोरं तोंडापुढं हात धरून लाऊख लाऊख करताहेत, निम्म्यांच्या हातावर थुंकी. शुक्रवारची ती ‘मी सांगतो’वाली एकदम ओरडली, “टीचर, माझा फ झाला!” मग सगळ्यांचेच व्हायला लागले. काका, तुमचं म्हणणं सव्वीस तोंडांनी सिद्ध केलं.

हालु-पालु, हुली-पुली पोरांनी मजेनं घेतलं. पण हलसीला वर्ग गप्प झाला. एका पोराच्या अज्जांचं देवळाजवळ नारळाचं दुकान आहे, तो म्हणाला, “म्हणजे आमच्या अज्जाच्या अज्जाचा अज्जा पलसीचा?” म्हटलं, त्याच्याही मागं जा, तेव्हाचा. “मग त्यांनी गाव बदललं की नुसतं नाव?” दोन्ही नाही रे, म्हटलं, जीभ बदलली. डॉटर-लाफ्टरची पत्रिकाही सांगितली. व्यापारी हसला नाही म्हटल्यावर पोरंच हसली.

आता खरी गोष्ट. मी फळ्यावर रफ, टफ, इनफ लिहीत होते, त्यात आपल्या अनगोळच्या गड्याची आठवण होऊन सिरपवरचा तो शब्दही लिहिला, सी-ओ-यू-जी-एच. सांगितलं, याला कॉफ म्हणायचं, अर्थ खोकला. पोरगा बोट हवेतच सरकवत बसला. मग म्हणाला, “टीचर, ह्याचापण पहिला ख होता न्हवं? म्हणजे कोख.” आणि थांबला. “कोख. खोक. खोकला!”

मला कायच सुचेना. बरोबर आहे की योगायोग, मला माहीत नाही, मी तसं सांगितलंही. पण तोवर एकानं कोख-कोख खोकून दाखवलं, दुसऱ्यानं त्याला जर्मन ख लावला, आणि अख्खा वर्ग पोट धरून खोकायला लागला. शेजारच्या वर्गावरून हेडसर आले, दारातून म्हणाले, “पावसात भिजलीत वाटतं सगळी. उद्या दवाखान्यात सांगू का?”

काका, खोकल्याचं तेवढं सांगा. उद्या विचारणार आहे तो.

शहापूरचा_छापखाना

बरोबर आहे पोराचं. जुन्या इंग्लिशात ‘कोह्हेतान’, पुढं ‘कोख’च्या जवळचं काहीतरी, आवाजावरूनच बनलेलं. आपला खोकलाही आवाजावरूनच. उसनवारी कुणाची नाही, छाती दोन्हीकडं सारखीच.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन शहापूरला या. ट्रेडल विकली, पण इंग्लिशची केस माडीवर आहे अजून. ‘लाफ्टर’ त्याच्या हातानं जुळवू दे. प्रूफ मात्र तुम्ही बघा, मी बघणार नाही.